मधमाशीचा धडा भोपळ्याच्या वेलीवर

मधमाशीवर तास घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण मधापासून सुरुवात करतात. राणी, कामकरी, नर ही नावं पाठ होतात, एखादा मुलगा 'मला चावली होती' म्हणून हात दाखवतो आणि घंटा होते. मुलांच्या डोक्यात राहतं ते एवढंच, की माशी मध देते आणि डंख मारते. आपल्याला सांगायचंय वेगळंच: फुलाचं फळ होतं ते कुणाच्या तरी येण्याजाण्यामुळे. म्हणून मध शेवटी ठेवा. सुरुवात परड्यातल्या भोपळ्यापासून करा.

हे मार्गदर्शन बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत हा विषय पहिल्यांदाच घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी आहे. वर्ग पाचवी ते आठवीचा धरलाय. खालच्या वर्गांना यातलं काय जमेल ते त्या-त्या ठिकाणी सांगितलंय.

आधी कॅलेंडर बघा

जागतिक मधमाशी दिन २० मे रोजी असतो आणि तेव्हा आपल्या शाळांना कुलूप असतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत सुट्टी, त्यामुळे त्या तारखेच्या नादी लागू नका. कामाचे दोन हंगाम आहेत: श्रावण-भाद्रपद, आणि दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. मधली दसऱ्याची सुट्टी लक्षात ठेवा, नाहीतर ऐन प्रयोगात वेल एकटी पडते.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जुलै-ऑगस्टच्या झडीत माशी बाहेर पडत नाही आणि पराग धुऊन जातो. तिकडे फुलं भाद्रपदात यावीत अशा बेताने बी लावा. अथणी-रायबागकडे पाऊस कमी. पाणी घालायची सोय असेल तर हिवाळ्यातही हा प्रयोग होतो.

आणखी एक सोय आपल्याकडे आयती आहे, शनिवारची सकाळची शाळा. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दहा-साडेदहापर्यंत मिटतं. इतर दिवशी प्रार्थना आणि हजेरी होईस्तोवर ते मिटायला लागलेलं असतं. शनिवारी आठ वाजता पोरं वेलीजवळ असू शकतात.

चार माश्या, दोन भाषांत

सीमाभागातल्या मुलांना मधमाश्यांची नावं मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत येतात, त्याचा फायदा घ्या. फळ्यावर दोन रकाने करा आणि मुलांकडूनच भरून घ्या.

आग्या म्हणजे हेज्जेनु. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला किंवा इमारतीच्या सज्जाखाली उघड्यावर लटकणारं एकच मोठं पोळं असतं. ही पेटीत पाळता येत नाही. सातेरी म्हणजे तुडुवे जेनु. झाडाची ढोली, वारूळ, भिंतीची पोकळी अशा अंधाऱ्या जागी ती समांतर अनेक पोळी बांधते. पेटीत पाळतात ती देशी माशी हीच. फुलोरी म्हणजे कोलु जेनु, झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढं एकच पोळं करणारी बारकी माशी. चौथी पोयाची माशी, मुजंटी किंवा मिसरी. तिला डंख मारताच येत नाही. जुन्या शाळेच्या भिंतीतून किंवा दाराच्या चौकटीतून मेण-डिंकाची काळपट नळी बाहेर आलेली दिसली, तर ती हिचीच. अशी नळी सापडली तर शाळेला रंग देण्याआधी गवंड्याला दाखवून ठेवा. पुट्टी भरताना ती हमखास बुजवली जाते.

हे झालं की लगेच सांगा, फुलावर येतं ते सगळं मधमाशीच नसतं. काळा भुंगा, पोटावर निळे पट्टे असलेली एकटी राहणारी माशी, फुलपाखरं, संध्याकाळचे पतंग, शिंजीर, वटवाघूळ हे सगळे परागवाहक. पांगारा आणि पळसावर शिंजीर दिसतो, सावरीच्या फुलांवर रात्री वटवाघळं येतात. मुलं सगळ्यात जास्त फसतात ती पट्टेरी फूलमाशीला. ती हवेत एका जागी थबकते, मधमाशीसारखी दिसते, पण तिला पंख दोनच असतात आणि डोळ्यांनी सगळं डोकं व्यापलेलं असतं. मधमाशीला पंख चार. एक मेलेली माशी काडेपेटीत ठेवून भिंगातून दाखवली की हा फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

मुलांना चित्र काढायला सांगाल तर अंड्याच्या आकाराचं, झाडाला टांगलेलं पिवळं पोळं येणारच. ते कार्टूनमधून आलंय. त्यावर रागावू नका, फक्त गावातलं खरं पोळं बघून पुन्हा काढायला लावा.

भोपळ्याचा प्रयोग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हा नीट झाला तर बाकीचं अर्धं काम झालं.

लागवड. तांबड्या भोपळ्याचं गावठी बी घ्या. दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे सहा ते आठ खड्डे, दोन खड्ड्यांत सहा-आठ फुटांचं अंतर. प्रत्येक खड्ड्यात एक बुट्टी कुजलेलं शेणखत, तीन बिया; उगवल्यावर दोन रोपं ठेवा. निम्मे खड्डे शाळा सुरू झाल्यावर जूनच्या मध्यावर, निम्मे वीस दिवसांनी लावा. एक तुकडी पावसात सापडली तरी दुसरी हाताशी राहते. कुंपणाला जागा नसेल तर शाळेशेजारच्या घराच्या परड्यातली वेल मागून घ्या. भोपळा कुणी नाही म्हणत नाही.

फूल ओळखणं. साधारण दीड महिन्यात फुलं सुरू होतात आणि पहिले आठ-दहा दिवस सगळी नर फुलं असतात. 'फुलं येतात पण फळ धरत नाही' ही तक्रार याच दिवसांत येते. नर फुलाचा देठ लांब, बारीक. आत पिवळा एकच दांडा, बोट लावलं की पराग लागतो. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली लिंबाएवढा किंवा त्याहून लहान भोपळा आधीच असतो आणि आत तीन भागांची कुक्षी. बरेच लोक नर फुलाला वांझ फूल म्हणून खुडून टाकतात. मुलांना ते घरी सांगायला हा प्रयोग पुरतो.

आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी टोकाला पिवळी पडते आणि किंचित सैल होते. अशा मादी कळ्या निवडा. पातळ मलमलीच्या किंवा जुन्या ओढणीच्या, वीतभर लांबीच्या पिशव्या शिवून ठेवलेल्या असाव्यात. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, आत पाणी धरतं आणि फूल कुजतं. तीन गट करा आणि देठाला रंगीत लोकर बांधा:

लाल लोकर: पिशवी बांधायची आणि तशीच ठेवायची.
निळी लोकर: पिशवी बांधायची, सकाळी हाताने पराग लावायचा, पुन्हा बांधायची.
पांढरी लोकर: पिशवी नाही, माश्यांना मोकळं.

प्रत्येक गटात निदान चार फुलं हवीत. एकेका फुलावर प्रयोग केला आणि ते एक गळालं तर मुलं चुकीचा निष्कर्ष काढतात, आणि तो पुसणं फार अवघड. बारा कळ्या एकाच संध्याकाळी मिळणार नाहीत. दोन-तीन शनिवार लागले तरी चालतील. दोन-तीन नर कळ्यांनाही पिशवी बांधा, म्हणजे सकाळी त्यांचा पराग माश्यांनी आधीच नेलेला नसेल.

सकाळी. साडेआठच्या आत. नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या सोलून काढा, उरलेला पिवळा दांडा मादी फुलाच्या तिन्ही कुक्ष्यांवर हलकेच फिरवा. एका भागावर लावून थांबू नका. पिशवी लगेच बांधा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या पिशव्या काढून टाका. फूल मिटलंय, आता माशीचा प्रश्न नाही.

निकाल. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी लाल लोकरीची फळं पिवळी पडून सुरकुततात आणि गळतात. निळी आणि पांढरी फुगायला लागतात. रोज एकाच वेळी सुतळीने घेर मोजून वहीत लिहायचा, ही जबाबदारी दोघा-दोघांच्या जोड्यांना वाटून द्या.

बिघडतं कुठे? पिशवी सैल असेल तर मुंगी किंवा बारकी माशी आत शिरते आणि लाल लोकरीचं एखादं फळ धरतं. वेलीवर आधीच दोन-तीन फळं पोसत असतील तर वेल नवीन फळ टाकून देते, पराग मिळालेला असला तरी. म्हणून प्रयोगाच्या वेलीवरची जुनी फळं आधी काढा. आणि फळमाशी. तिने टोचलेलं कोवळं फळ गळतं, पण त्याला टाचणीएवढं भोक असतं, डिंकासारखा थेंब येतो आणि आतून मऊ कुजतं. पराग न मिळालेलं फळ आतून कोरडं, नुसतंच सुकलेलं असतं. गळालेलं प्रत्येक फळ मुलांसमोर कापा.

दोडका आणि दुध्या या प्रयोगाला घेऊ नका. त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात. काकडी चालते, फक्त फूल लहान असल्याने पाचवीच्या हाताला जमत नाही. काकडीचा उपयोग वेगळा आहे. बाजारातून वाकडी, एका टोकाला बारीक झालेली काकडी आणा आणि उभी चिरा. फुगीर भागात बिया टपोऱ्या, बारीक भागात बऱ्याचदा चपट्या, पोकळ. तिथपर्यंत पराग पुरला नाही. आकार बियांमुळे येतो, हे मुलांना दुसऱ्या कशाने इतकं पटकन कळत नाही.

वांग्याचं फूल आणि नादकाटा

हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून २५६ किंवा ५१२ हर्ट्झचा नादकाटा मागून आणा. वांग्याचं कालच उमललेलं फूल, कोरडं ऊन, दहा वाजून गेलेले. फुलाखाली जुनी काळी पाटी धरा. नादकाटा चपलेच्या रबरी टाचेवर आपटा आणि त्याचं टोक फुलातल्या पिवळ्या पुंकेसरांना अलगद टेकवा. पाटीवर पिवळसर पूड सांडते. नुसतं बोटाने फूल हलवलं तर त्या मानाने फारच थोडी.

कारण वांग्याच्या परागकोशाला टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं. पराग मिठाच्या डबीतल्यासारखा हलवूनच बाहेर काढावा लागतो. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतात, तेव्हा आवाज एकदम चढतो. मुलांना तो ऐकायला लावा. सातेरीला हे जमत नाही. म्हणजे शाळेशेजारी मधाच्या शंभर पेट्या ठेवल्या तरी भुंग्याचं काम भुंग्यालाच करावं लागतं. टोमॅटोचंही असंच, ते स्वतःच्या परागावर धरतं, पण थरथरीने जास्त भरतं. पावसाने भिजलेल्या किंवा तीन दिवसांच्या फुलावर हा प्रयोग फसतो, तेव्हा नादकाट्याला दोष देऊ नका.

बिसी ऊटचं ताट

बिसी ऊट म्हणजे शाळेतलं दुपारचं गरम जेवण. त्या ताटातला एकेक पदार्थ फळ्यावर लिहा आणि विचारा, याला माशी लागली का? भाताला नाही, तो वाऱ्याचा आणि स्वतःचा. ज्वारी, मका, गहू, ऊस, कुणालाच नाही. बटाट्याला नाही. तूरडाळीला थोडी मदत. सांबारातल्या भोपळ्याला पूर्ण. कांद्याला गंमत आहे: आपण खातो त्या कांद्याला नको, पण पुढच्या वर्षीचं बी धरायला हवी. घरी कारळ्याची चटणी असेल तर ती थेट माश्यांची देणगी. कारळ्याचं झाड स्वतःच्या परागावर बी धरतच नाही.

हा खेळ मुद्दाम घ्या, कारण याने अतिशयोक्ती आवरते. 'मधमाशी संपली की चार वर्षांत माणूस संपेल' हे आइन्स्टाइनच्या नावावर खपवलं जाणारं वाक्य फळ्यावर लिहू नका. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही, आणि भात-भाकरीच्या गावात चौकस मुलाला ते पटणारही नाही. खरी गोष्ट पुरेशी आहे: जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना परागवाहकांचा कमी-अधिक उपयोग होतो, उत्पादनाच्या वजनाने मोजलं तर ती पिकं सुमारे ३५ टक्के भरतात. पोट भरेल, पण ताटात भाजी, फळं आणि फोडणीचं तेल कमी होईल.

दहा मिनिटांची मोजणी

चार काठ्या आणि सुतळीने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा. पाच मुलांचा गट, दहा मिनिटं, बोलायचं नाही, सावली फुलांवर पडू द्यायची नाही. जातीची नावं मागू नका, सात रकाने पुरतात: मधमाशी, भुंगा, एकटी माशी, फूलमाशी, फुलपाखरू, मुंगी, इतर. फुलाला प्रत्यक्ष स्पर्श झाला तरच रेघ ओढायची. वेळ, ऊन की ढग, वारा हे वर लिहायचं. महिन्यातून दोनदा, त्याच जागी.

सुरुवातीला तुळस निवडा. शाळेत नसेल तर कुंडीत पाच-सहा लावा. तुळशीवर जवळजवळ वर्षभर कुणी ना कुणी असतं. भाद्रपदात माळावरचा तेरडा, बांधावरचा दगडीपाला. हायब्रीड, गच्च पाकळ्यांच्या झेंडूवर मोजणी ठेवली तर रकाने रिकामे राहतात आणि मुलं कंटाळतात.

नाच

कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाशीच्या नाचाचा अर्थ उलगडला. १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. वर्गात हे दोन पायऱ्यांनी घ्या. चौथीपर्यंतच्या मुलांना फुलोरीचा नाच: ती पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि सरळ फुलांच्या दिशेनेच तोंड करते. मैदानात कागदी फूल लपवा, एकाच मुलाला दाखवा, त्याने कंबर हलवत त्या दिशेला चालायचं. एक हलतं पाऊल म्हणजे खऱ्या अंतरातली दहा पावलं, हा आपला ठरवलेला नियम.

सहावीच्या पुढे सातेरी. ती अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते, म्हणून तिथे 'वर' म्हणजे सूर्याची दिशा. फळ्यावर उभी रेघ काढा. तिच्या डावीकडे ६० अंशांचा बाण म्हणजे सूर्याच्या डावीकडे ६० अंश. मुलं वर्गात बाण वाचतात आणि बाहेर जाऊन फूल शोधतात. सूर्याकडे टक लावायची नाही, स्वतःच्या सावलीवरून उलटी दिशा काढायची. हमखास चूक: फळ्याचा वरचा भाग म्हणजे उत्तर, असं नकाशाच्या सवयीने धरलं जातं.

आग्या आणि सुरक्षितता

मुलांना एक वाक्य पक्कं करून द्या: फुलावरची माशी तिच्या कामात असते, पोळ्यावरची माशी पहाऱ्यावर असते. निरीक्षण फुलावर, पोळ्याजवळ नाही.

आग्याचं पोळं शाळेच्या टाकीला असेल तर खालून दीडशे फूट तरी मोकळं सोडा, खेळाचं मैदान दुसरीकडे हलवा. कचरा जाळू नका. धूर, दगड आणि मोहोळ घारीची झडप ही पोळं उठण्याची नेहमीची कारणं. रॉकेल किंवा टेंभ्याचा उपाय कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. हे मोहोळ फुलोऱ्यामागे फिरतं, पावसाच्या तोंडाशी बहुतेक वेळा आपणहून निघून जातं. धोका खरंच असेल तर एसडीएमसीत (शाळेच्या देखरेख समितीत) ठराव करून वनखात्याला किंवा अग्निशमन दलाला कळवा. रिकामं पोळं मात्र जपून ठेवा, षट्कोनाचा तास त्यावर होतो.

पोळं उठलंच तर तोंड झाकून पळायचं, वर्गात शिरून दारं-खिडक्या लावायच्या. हात झटकायचे नाहीत, पाण्यात उडी मारायची नाही. डंख राहिला असेल तर नखाने खरवडून लगेच काढा. अडकलेली विषाची पिशवी नंतरही काही वेळ विष सोडत राहते. डंखातून सुटणारा इशाऱ्याचा वास पिकल्या केळ्यासारखा असतो, त्यामुळे ज्या दिवशी शाळेत केळी वाटली जातात त्या दिवशी पेटी किंवा पोळं बघायला नेऊ नका. गजरा आणि अत्तरही नको. अंगभर गांधी, चेहरा सुजणं, धाप, उलटी यातलं काही दिसलं तर वाट न बघता १०८. कुणाला ॲलर्जी आहे का, हे पालकांच्या संमतीपत्रातच विचारून घ्या.

राहायला जागा

एकट्या माश्यांसाठी बांबूची नळकांडी: आतलं भोक ४ ते १० मिलिमीटर, लांबी १५ सेंटिमीटर, एक टोक पेऱ्याने बंद. वीस-पंचवीस एकत्र बांधा, छातीएवढ्या उंचीवर, पूर्वेकडे तोंड, वळचणीखाली, हलणार नाही असं. कापलेलं तोंड घासून गुळगुळीत करा, कुसळं असली तर माशी आत जात नाही. आधाराच्या तारेला ग्रीस लावलं नाही तर मुंग्या घर करतात. काही नळ्या कुंभारीण (मातीचं घर करणारी माशी) घेईल, घेऊ द्या. खानापूरच्या पावसात बुरशी येते, नळ्या दरवर्षी बदला. शाळेच्या आवारात उन्हातला चार-पाच फुटांचा तुकडा उघड्या मातीचाच राहू दे. जमिनीत बिळं करणाऱ्या माश्यांना फरशी नको असते.

शिवारापर्यंत

मुलांना बापाला शिकवायला पाठवू नका, ते उलटतं. प्रश्न घेऊन पाठवा: फवारणी किती वाजता करता? तेव्हा पिकाला फूल असतं का? बांधावर काय फुलतं? तणनाशक बांधावरही मारता का? उत्तरं वर्गात एका तक्त्यावर लावा. चिकोडी-रायबागच्या ऊसपट्ट्यात मुलांना स्वतःच दिसतं, की ऊसाला माशी नको असली तरी माशीला तिथे काहीच उरत नाही, बांध सोडला तर. फुलोऱ्यात फवारणी टाळणं, आणि टळत नसेल तर सूर्यास्तानंतर करणं, एवढी एकच गोष्ट पालकसभेत तुम्ही मांडा.

पेटी, दुसऱ्या वर्षी

सातेरीची पेटी पहिल्या वर्षी आणू नका. पेटी आली की सगळं लक्ष मधाकडे जातं. दुसऱ्या वर्षी आणायची तर तालुक्याच्या तोटगारिके इलाख्यात (बागायत खात्यात) किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा आणि आधी एका शिक्षकाने शिकून घ्या. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या लागतात, त्या सुकल्या की मुंग्या चढतात. पेटीत मेणकिडा लागला किंवा खाणं संपलं तर सातेरी पेटी सोडून जाते. म्हणून पेटी मागण्याआधी ठरवा, एप्रिल-मेच्या सुट्टीत दर दोन दिवसांनी त्या चार वाट्यांत पाणी घालायला कोण येणार आहे. नाव मिळालं नाही तर पेटी मागू नका.